परदेशी विद्यार्थी आठवडाभर घरी राहायला येणार असेल तर: पुण्यातील पालकांसाठी

शाळेकडून विद्यार्थी देवाणघेवाणीचे पत्र आले की बहुतेक घरांत पहिला प्रश्न निघतो तो पाहुण्याच्या जेवणाचा, आणि दुसरा निघतो तो घराला रंग काढायचा का, असा. पहिला प्रश्न रास्त आहे. दुसरा सोडून द्यावा. पुण्यात अनेक शाळांमध्ये दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून जर्मन व फ्रेंच शिकवली जाते, त्यामुळे येणारी मुले बहुधा त्या देशांतली, चौदा ते सतरा वर्षांची असतात आणि एक आठवडा आपल्या मुलांच्या घरी राहून त्यांच्याबरोबर शाळेत जातात. आमच्या घरी अशा तीन मुली वेगवेगळ्या वर्षी राहून गेल्या. पहिल्या खेपेला आम्ही जवळजवळ सगळेच चुकीचे केले, तिसऱ्या खेपेला पुष्कळसे बरोबर केले, आणि मधल्या काळात जे उमगले ते पहिल्यांदाच हा अनुभव घेणाऱ्या पालकांसाठी क्रमाने लिहीत आहे. येणारे मूल सण साजरा करायला नव्हे, तर आपला साधा आठवडा जगायला येते, हे धरून चालले की तयारीतील निम्मी धावपळ आपोआप गळून पडते आणि जी खरोखर आवश्यक आहे तिला वेळ मिळतो.

होकार देण्यापूर्वी

शाळेला होकार कळवण्याआधी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून बोलावे, आणि त्यात आजी-आजोबा व कामाला येणाऱ्या मावशी यांनाही धरावे, कारण दिवसभर घरात असणारी माणसे तीच. मूल कोणत्या खोलीत झोपेल, ते अंघोळीला कधी जाईल, सकाळी शाळेत कोण सोडेल, संध्याकाळी आईवडील घरी येईपर्यंत घरात मोठे माणूस कोण असेल, या प्रश्नांची उत्तरे त्या बैठकीतच मिळायला हवीत. स्वतंत्र खोली देता आली तर उत्तम. पण आपल्या मुलाच्या किंवा मुलीच्या खोलीत स्वतंत्र पलंग दिला तरी चालते, फक्त दोघे एकाच लिंगाचे असावेत. अनेक शाळा जोड्या लावताना हे पाहतात, तरीही आपण विचारून घ्यावे. खोलीचे दार आतून लागते की नाही हेही तपासावे. आपल्याकडे दार न वाजवता आत जाण्याची सवय इतकी मुरलेली असते की ती सवय आहे हेच लक्षात येत नाही.

खर्चाचेही याच वेळी स्पष्ट करून घ्यावे. साधारणपणे राहणे आणि जेवण यजमान कुटुंबाकडे, तर सहलीची तिकिटे आणि स्वतःची खरेदी पाहुण्याकडे अशी विभागणी असते, परंतु प्रत्येक शाळेचे पत्र वेगळे असते आणि ते शब्दशः वाचलेले बरे. मुलाच्या पालकांचे संमतिपत्र, प्रवास व आरोग्य विम्याची प्रत, वैद्यकीय उपचारांसाठी अधिकारपत्र, आणि बरोबर येणाऱ्या शिक्षकांचा भारतात चालणारा दूरध्वनी क्रमांक, एवढे कागद शाळेकडून हातात आल्याशिवाय तयारी पूर्ण झाली असे समजू नये.

सी-फॉर्म: चोवीस तासांचे काम

परदेशी नागरिकाला घरी मुक्कामाला ठेवणाऱ्या प्रत्येकाने, मग ते हॉटेल असो वा घर, त्याच्या आगमनाची माहिती २४ तासांच्या आत परकीय नागरिक नोंदणी यंत्रणेला कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. हे अनेकांना ठाऊकच नसते. या माहितीच्या अर्जाला लोक अजूनही 'सी-फॉर्म' म्हणतात. पूर्वी हे बंधन १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याखाली होते. १ सप्टेंबर २०२५ पासून त्याची जागा इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, २०२५ या नव्या कायद्याने घेतली आहे. पुणे शहरात हे काम पोलीस आयुक्तालयाच्या विशेष शाखेतील परकीय नागरिक नोंदणी विभागाकडे असते आणि अर्ज ऑनलाइन भरला जातो.

मुले येण्याच्या निदान दोन-तीन आठवडे आधी शाळेला विचारावे की सगळ्या घरांच्या वतीने शाळा नोंद करणार आहे की प्रत्येक कुटुंबाने करायची आहे. दुसरा पर्याय असेल तर यजमान म्हणून या नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर आपली नोंदणी आधीच करून ठेवावी, कारण त्यासाठी आपला ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो आणि मध्यरात्री बसमधून उतरलेले मूल झोपाळलेल्या डोळ्यांनी समोर उभे असताना वीजबिलाची प्रत शोधत बसणे बरे नव्हे. प्रत्यक्ष अर्जात पासपोर्ट व व्हिसाचा क्रमांक, ते दिल्याची तारीख व ठिकाण, भारतात आल्याची तारीख, कुठून आले व पुढे कुठे जाणार हे तपशील भरावे लागतात. मूल घरी आल्यावर पासपोर्ट पाच मिनिटांसाठी मागून घ्यावा, तपशील भरावेत, पासपोर्ट लगेच परत करावा. भरलेल्या अर्जाची प्रत जपून ठेवावी आणि मूल परत गेल्यावर निघाल्याची नोंदही न विसरता करावी. पासपोर्टचा फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नये. हे सांगावे लागते, कारण मी तो टाकलेला पाहिला आहे.

सोसायटीच्या सचिवांना आणि फाटकावरच्या सुरक्षारक्षकांना पाहुण्याचे नाव, मुक्कामाचे दिवस आणि येण्याजाण्याच्या वेळा आधी सांगून ठेवल्या की रोज संध्याकाळी मुलाला फाटकाशी अडवून ठेवण्याचा प्रसंग येत नाही.

पत्रव्यवहार: काय विचारावे

मुलाच्या कुटुंबाशी ईमेलवर ओळख करून घ्यावी आणि पहिल्याच पत्रात चार गोष्टी नीट विचाराव्यात. कोणत्या पदार्थाची ॲलर्जी आहे आणि ती किती तीव्र आहे, कोणती औषधे चालू आहेत, मूल शाकाहारी आहे की आणखी काही पथ्य पाळते, आणि त्याला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते. आपल्या बाजूनेही चार गोष्टी मोकळेपणाने कळवाव्यात. घर शाकाहारी आहे का, कुत्रा किंवा मांजर आहे का, घरात कोणी धूम्रपान करते का, अंघोळीला बादली की शॉवर, हे आधी कळलेले सगळ्यांनाच सोयीचे जाते.

कपड्यांविषयीही अवश्य लिहावे. भारत म्हणजे उकाडा असे समजून आलेली मुले डिसेंबर-जानेवारीत पुण्यात कुडकुडतात, कारण रात्रीचे तापमान दहा अंशांच्या आसपास उतरते आणि आपल्या घरांत खोली गरम करण्याची सोय नसते. बाहेर गोठवणारी थंडी असली तरी घरात उबदार राहायची त्यांना सवय असते. आमच्याकडची पहिली मुलगी जानेवारीत आली तेव्हा टाइल्सवर अनवाणी चालून तिला दुसऱ्याच दिवशी सर्दी झाली. स्वेटर, मोजे आणि घरात घालायच्या सपाता यांचा उल्लेख त्या पत्रात करावा, आणि एक जाड रजई काढून उन्हात घालून ठेवावी.

जेवण: दाण्याचे कूट, हिंग आणि आग्रह

तिखटाची काळजी सगळेच घेतात, पण मराठी स्वयंपाकघरातला खरा धोका तिखट नसून शेंगदाणा आहे. युरोप-अमेरिकेतील काही मुलांना शेंगदाण्याची इतकी तीव्र ॲलर्जी असते की त्याच्या कणानेही घसा सुजून श्वास अडू शकतो, आणि आपल्याकडे तो कुठे नसतो? काकडीच्या कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, साबुदाण्याच्या खिचडीत कूट, पोह्यांत अख्खे दाणे, अळूच्या फदफद्यात दाणे, चटणीच्या डब्यात चटणी. आणि हे घालताना आपण 'दाणे घातले' असे मनात नोंदवतसुद्धा नाही, इतका हात बसलेला असतो. लाकडी घाण्यावरचे शेंगदाण्याचे तेल वापरणाऱ्या घरांनी तर विशेष सावध राहावे, कारण घाण्याच्या तेलात शेंगदाण्यातील प्रथिने उरतात. येणाऱ्या मुलाला अशी ॲलर्जी असेल तर त्या आठवड्यापुरते तेल बदलावे, कुटाचा डबा कपाटात वर ठेवून द्यावा, मिक्सरचे चटणीचे भांडे वापरूच नये, आणि एका डब्यातला चमचा दुसऱ्या डब्यात जाऊ देऊ नये. अशा मुलांजवळ ॲड्रेनॅलिनचे स्वतः टोचून घ्यायचे इंजेक्शन असते. ते आपल्याकडे सहजी मिळत नाही, म्हणून मुलाने आणलेले त्याच्याजवळच, दप्तरात आणि सहलीतही, असेल याची खात्री करावी आणि ते कसे टोचायचे हे मुलाकडूनच पहिल्या दिवशी शिकून घ्यावे. एवढी जबाबदारी घेणे आपल्या घराला झेपणार नाही असे वाटले तर शाळेला तसे आधीच स्पष्ट सांगून जोडी बदलून घेणे हेच शहाणपणाचे. त्यात कमीपणा नाही.

ज्यांना गव्हातले ग्लुटेन चालत नाही अशा मुलांसाठी आपले जेवण वरकरणी सोयीचे वाटते, कारण ज्वारी-बाजरीची भाकरी, तांदळाची भाकरी, भात, वरण, उसळ हे सगळे त्यांना चालण्यासारखे असते. परंतु फोडणीत पडणारा बाजारातला बांधानी हिंग बहुधा गव्हाचे पीठ मिसळून तयार केलेला असतो, आणि थालीपीठाच्या भाजणीतही पुष्कळदा गहू असतो. डबीवरचे घटक वाचावेत. तेवढ्या दिवसांपुरती हिंगाशिवाय फोडणी दिली तर वरण काही बिघडत नाही.

ॲलर्जी नसेल तर काळजीचे फारसे कारण नाही. पहिल्या रात्री वरण-भात-तूप, बटाट्याची मिरची न घातलेली भाजी आणि दही एवढे पुरे होते; तिसऱ्या दिवसापासून चव हळूहळू वाढवत न्यावी. मिसळीचे नाव मुलांनी ऐकलेले असते आणि ती त्यांना हवीच असते, तेव्हा ती शेवटच्या एकदोन दिवसांसाठी राखून ठेवावी आणि रस्सा वेगळ्या वाटीत द्यावा. न्याहारीला पोहे-उपमा आवडतोच असे नाही. ब्रेड, लोणी, फळे, कॉर्नफ्लेक्स आणि दूध घरात असू द्यावे, पण ते मूल स्वतःहून मागेल तेव्हाच पुढे करावे, नाहीतर आपण केलेले खायचे नाही अशी त्याची समजूत होते. पिण्याला फिल्टरचे किंवा उकळलेले पाणीच द्यावे, दात घासायलाही तेच वापरायला सांगावे. रसवंतीतला बर्फ आणि रस्त्यावरची पाणीपुरी या आठवड्यात नको.

आता आग्रहाविषयी, कारण इथेच सर्वांत मोठा घोटाळा होतो. आपल्याकडे पान रिकामे झाले की वाढायचे असते, आणि पाहुण्याचे पहिले 'नको' हे संकोचाचे मानायचे असते. जर्मन मुलांना घरी शिकवलेले असते की ताटात काही टाकू नये आणि नको असेल तर नको म्हणावे. म्हणजे ते मूल शिष्टाचार म्हणून ताट स्वच्छ करते, आपण शिष्टाचार म्हणून पुन्हा वाढतो, ते पुन्हा स्वच्छ करते. आमच्या सासूबाईंनी पहिल्या मुलीला प्रेमाने पाच पुरणपोळ्या अशाच खाऊ घातल्या आणि रात्री दीड वाजता ती न्हाणीघरात ओकत होती. दुसऱ्या दिवशी तिने अत्यंत नम्रपणे विचारले की तुमच्याकडे जेवण संपवण्याची खूण कोणती असते. तेव्हापासून घरात नियम आहे: एकदा विचारायचे, नको म्हणाले की नकोच समजायचे. सासूबाई तो अजूनही मनापासून पाळत नाहीत, पण पाळतात.

घर दाखवताना

आल्या रात्री मूल थकलेले असते, तरीही न्हाणीघर मात्र त्याच रात्री नीट समजावून द्यावे. गीझरचे बटण बाहेर कुठे आहे, ते किती वेळ आधी लावायचे, गरम पाणी बादलीत आधी घ्यायचे की गार, मगाने अंघोळ कशी करायची, कडी कशी लागते, फरशी ओली असते म्हणून मोजे बाहेर काढायचे, हे सगळे आपल्याला सांगण्यासारखे वाटत नाही आणि त्याला विचारण्याइतके धैर्य होत नाही. टॉयलेट पेपर आणून ठेवावा. मुलगी असेल तर सॅनिटरी पॅड कमोडमध्ये टाकायचे नाहीत, कागदात गुंडाळून वेगळे ठेवायचे, आणि पुण्यात त्या पुडीवर लाल ठिपका काढून कचरावेचकांकडे देण्याची पद्धत आहे, हे घरातल्या बाईने तिला एकटीला गाठून सांगावे. ज्या घरांत पाळीच्या दिवसांत शिवाशिव पाळली जाते त्यांनी ते बंधन पाहुण्या मुलीवर घालू नये. ओला आणि सुका कचरा वेगळा करण्याचे मात्र या मुलांना शिकवावे लागत नाही. उलट तीच आपल्याला शिकवतात.

आपल्याकडच्या २३० व्होल्टच्या विजेवर त्यांचे फोन आणि लॅपटॉपचे चार्जर चालतात, परंतु पिना आपल्या सॉकेटमध्ये नीट बसत नाहीत किंवा सैल बसतात, म्हणून पन्नास-शंभर रुपयांचा ॲडॉप्टर आधीच आणून ठेवावा. वायफायचा पासवर्ड कागदावर लिहून खोलीत ठेवावा. मुले आली की भारतीय सिमकार्ड घेतात किंवा घेत नाहीत. तोवर घरी सुखरूप पोहोचल्याचा निरोप त्यांना घरच्या वायफायवरूनच पाठवता येतो. गुरुवारी महापालिकेचे पाणी बऱ्याचदा बंद असते, हेही आदल्या दिवशी सांगावे आणि पिंप भरून ठेवावे. एका गुरुवारी साबण लावलेल्या पाहुणीला वरून थेंबही येईना, तेव्हा हे आम्हाला सुचले.

डासांकडे दुर्लक्ष करू नये. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि घरातल्याच साठलेल्या पाण्यात वाढतो, म्हणून कुंड्यांखालच्या बशा, फ्रिजच्या मागचा ट्रे आणि गच्चीतली रिकामी भांडी आठवडाभर आधीच कोरडी करावीत. खिडक्यांना जाळ्या नसतील तर मच्छरदाणी द्यावी.

रोजचा दिनक्रम

पुण्यातल्या कित्येक शाळा सकाळी सातला भरतात. जर्मनीहून हिवाळ्यात आलेल्या मुलाच्या शरीराच्या घड्याळाप्रमाणे तेव्हा रात्रीचे अडीच वाजलेले असतात, उन्हाळ्यात साडेतीन. त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस मूल रात्री एकपर्यंत जागे आणि सकाळी उठवता उठत नाही अशी स्थिती राहणारच. त्याला रागावू नये, आपल्या मुलालाही रागावू देऊ नये. दुपारी फार वेळ झोपू न देता संध्याकाळी उजेडात बाहेर फिरवून आणणे, हा उपाय बऱ्यापैकी लागू पडतो.

पहिल्या खेपेला सहा दिवसांत आम्ही पाच नातेवाइकांकडची आमंत्रणे घेतली होती. चौथ्या दिवशी दुपारी ती मुलगी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, मला एक तास खोलीत एकटीला बसता येईल का? तिला काही झालेले नव्हते. आपल्याकडे पाहुण्याला एकटे बसवणे म्हणजे त्याची हेळसांड, आणि तिच्याकडे एकटे बसता येणे म्हणजे विश्रांती. रोज संध्याकाळी निदान एक तास मोकळा ठेवावा आणि त्या तासात कोणीही दार वाजवू नये. नातेवाइकांना एखादी संध्याकाळ नेमून द्यावी. आत्या नाराज होतील, होऊ द्यावे.

मोठ्यांना काका, काकू, आजी म्हणायला मुलांना आवडते आणि हाक मारण्याची त्यांची अडचणही सुटते. आणलेली भेटवस्तू मात्र बाजूला ठेवू नये, त्यांच्यासमोरच उघडावी, कारण ती आवडली की नाही हे चेहऱ्यावर पाहण्यासाठीच ती दिलेली असते. फोटो काढण्याआधी विचारावे, आणि समाजमाध्यमांवर टाकण्याआधी पुन्हा विचारावे.

दोन नियम पहिल्याच दिवशी सौम्यपणे पण निःसंदिग्धपणे सांगावे लागतात. जर्मनीत सोळा वर्षांच्या मुलाला बिअर विकत घेता येते, महाराष्ट्रात ती एकविसाच्या आत नाही. आणि ई-सिगारेटवर भारतात २०१९ पासून बंदी आहे. हे कायदे आहेत, काकांचा कडकपणा नाही, अशा सुरात सांगितले की मुले चटकन मानतात.

शहरात फिरवताना

पुण्यातले पहिले संकट म्हणजे रस्ता ओलांडणे. जर्मनी, फ्रान्स किंवा अमेरिकेतली मुले रस्ता ओलांडताना सवयीने आधी डावीकडे पाहतात, आणि आपल्याकडे गाडी उजवीकडून येते. पहिल्या दिवशी सोसायटीबाहेरच्या रस्त्यावर त्यांना हाताशी धरून दोनदा ओलांडून दाखवावे. दुचाकीवर मागे बसवण्याआधी शाळेचे नियम आणि विम्याच्या अटी पाहाव्यात. पुष्कळ शाळा ते सरळ मना करतात, आणि माझ्या मते तेच योग्य आहे. परवानगी असली तरी मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवे आणि तिघांनी बसायचे नाही, हे आपल्या मुलाला आधी बजावावे, कारण पाहुण्याला ऐट दाखवण्याचा मोह त्यालाच होतो.

मेट्रो या कामी फार सोयीची झाली आहे. मुलांना मंडईच्या स्थानकावर उतरवून पायी फिरवावे. महात्मा फुले मंडई, तुळशीबाग, मग दगडूशेठ गणपतीसमोर १८४८ मध्ये सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली ती भिडे वाड्याची जागा, पुढे लाल महाल आणि शनिवारवाडा, आणि पाय अजून चालत असतील तर कसबा पेठेतली तांबट आळी, जिथे तांब्याच्या भांड्यांवर हातोडीने ठोके पडताना अजून ऐकू येतात. एवढ्यात अर्धा दिवस जातो. मुलांना तांबट आळी शनिवारवाड्यापेक्षा जास्त आवडते, असा माझा तिन्ही खेपांचा अनुभव आहे; वाड्यात १८२८ च्या आगीनंतर तटभिंती, दरवाजे आणि जोतीच उरली आहेत आणि त्यावर कल्पनेने महाल उभा करायला त्यांनी आपल्यासारख्या लहानपणापासून पेशव्यांच्या गोष्टी ऐकलेल्या नसतात. राजा दिनकर केळकर संग्रहालयात मात्र अडकित्ते, दिवे आणि वाद्ये पाहत ती तासन्तास रेंगाळतात. आगाखान पॅलेसमध्ये गांधीजी १९४२ ते १९४४ या काळात स्थानबद्ध होते आणि कस्तुरबांचे निधन तिथेच झाले. गांधींचे नाव त्यांनी शाळेत ऐकलेले असते, म्हणून तिथे फार समजावून सांगावे लागत नाही. शनिवारवाडा व आगाखान पॅलेस यांसारख्या केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडील स्थळांवर परदेशी नागरिकांचे तिकीट आपल्यापेक्षा कितीतरी पट महाग असते. हे आधी सांगावे, नाहीतर खिडकीपाशी उगाच अवघडल्यासारखे होते.

सिंहगडावर रविवारी जाऊ नये, गर्दीत गड दिसतच नाही. आठवड्याच्या मधल्या वारांतला सुट्टी असलेला एखादा दिवस काढावा, सकाळी लवकर निघावे, वर पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही खावे.

आजारपण आणि अडचण

घरातले औषध आपण होऊन देऊ नये, साधी डोकेदुखी असली तरी. आधी बरोबर आलेल्या शिक्षकांना फोन करावा. जुलाब झाले तर ओआरएस द्यावे. ताप असेल, रक्त पडत असेल किंवा मूल मलूल दिसत असेल तर वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे. चोवीस तास मुलांचे डॉक्टर असणारे जवळचे रुग्णालय आधीच पाहून ठेवावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसह सर्व आणीबाणीसाठी ११२ हे क्रमांक मुलाच्या फोनमध्ये घालून द्यावेत.

भटक्या कुत्र्यांना गोंजारायला परदेशी मुले हमखास वाकतात. चावा किंवा ओरखडा झालाच, तर तो कितीही किरकोळ दिसो, जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस सुरू करावी. पुढचे डोस परत गेल्यावर घ्यावे लागतात, म्हणून लशीचे नाव आणि तारखा लिहिलेला कागद मुलाबरोबर द्यावा.

घरची आठवण येऊन रडू येणे हे आजारपण नाही. मुलाला घरी फोन लावून द्यावा आणि आपण खोलीबाहेर थांबावे.

निघण्याच्या दिवशी

अनेक गटांचे विमान मुंबईहून असते आणि बस संध्याकाळी किंवा मध्यरात्री शाळेतून सुटते. सामान आदल्या रात्रीच वजन करून भरावे. खाऊ देताना मात्र जरा विचार करावा, कारण प्रेमाने दिलेला डबा विमानतळावर काढून घेतलेला पाहणे वाईट. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून वैयक्तिक सामानातही दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून पेढे, बर्फी, श्रीखंड, तूप हे सगळे बाद. बाकरवडी चालण्यासारखी असते, पण सारणात खसखस आहे का ते पाकिटावर वाचावे. संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापुरात खसखशीला बंदी आहे, आणि मुलांचे विमान दुबईमार्गे असू शकते. चिवडा चालतो. लोणचे द्यायचेच असेल तर ते घट्ट झाकणाच्या बरणीत, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत घालावे, हातातल्या बॅगेत नव्हे. बसमध्ये खाण्यासाठी वेगळा डबा द्यावा आणि तो परत पाठवायची काळजी करू नको, असे मुलाला सांगून टाकावे; नाहीतर ते तो डबा धुऊन, पुसून, दोन महिन्यांनी पोस्टाने परत पाठवते, आणि पोस्टाचा खर्च डब्याच्या किमतीहून जास्त झालेला असतो.